जुना ड्रॉइंग टॅब्लेट नव्या कॉम्प्युटरवर कसा चालवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाटातून काढलेला पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा टॅब्लेट नव्या विंडोज, मॅक किंवा लिनक्सवर चालवताना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं मुख्यतः वॅकमच्या इंट्युऑस ३, इंट्युऑस ४, बांबू आणि ग्राफायर ४ या मालिकांची आहेत, कारण घरोघरी पडून असलेले टॅब्लेट बहुतेक हेच असतात. बाकी कंपन्यांच्या टॅब्लेटसाठी पुढे वेगळा प्रश्न आहे.

टॅब्लेट जोडला, दिवा लागला, पण पेनचा दाब काही येत नाही. टॅब्लेट खराब झालाय का?

बहुतेक वेळा नाही. पेन टेकवल्यावर कर्सर माउससारखा हलतोय का, एवढं आधी बघा. वॅकमचे टॅब्लेट ड्रायव्हर नसताना स्वतःची ओळख साधा माउस अशी करून देतात. कर्सर हलतो पण पेन उचलून दुसरीकडे टेकवलं तर तो तिथे उडी मारत नाही आणि रेषेची जाडी दाबाप्रमाणे बदलत नाही, असं दिसलं तर टॅब्लेट, पेन आणि केबल तिन्ही ठीक आहेत. फक्त ड्रायव्हर हवा आहे.

कर्सर अजिबात हलत नसेल तर दिव्याकडे बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये पेन टेकवलं की दिव्याचा रंग किंवा उजेड बदलतो. तो बदलत असेल तर टॅब्लेटला पेन दिसतंय आणि अडचण कॉम्प्युटरच्या बाजूला आहे. दिवा आहे तसाच राहिला तर पेन दुसऱ्या मॉडेलचं असू शकतं. ही चूक सेकंडहँड मालात सर्रास असते.

मॉडेल नेमकं कोणतं, हे कसं ओळखायचं?

टॅब्लेट उलटा करा. मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो. 'बांबू' किंवा 'इंट्युऑस' एवढ्या नावावर जाऊ नका. कंपनीने तीच नावं वेगवेगळ्या पिढ्यांना दिली आहेत, शिवाय २०१३ नंतर बांबूच्या जागी आलेल्या स्वस्त टॅब्लेटचं नावसुद्धा इंट्युऑसच ठेवलं. खरी ओळख नंबरातच:

पीटीझेडने सुरू होणारा नंबर म्हणजे इंट्युऑस ३. पीटीझेड-४३०, ६३०, ९३० आणि १२३० हे नेहमीच्या आकाराचे, ६३१डब्ल्यू आणि १२३१डब्ल्यू हे रुंद.
पीटीके-४४०, ६४०, ८४०, १२४० म्हणजे इंट्युऑस ४.
सीटीएल-४६०, सीटीएच-४६०, सीटीएल-४७०, सीटीएच-४७० हे बांबू. 'सीटीएच'मध्ये पेनबरोबर बोटांचा स्पर्शही चालतो, 'सीटीएल'मध्ये फक्त पेन.
सीटीई-४४० आणि सीटीई-६४० म्हणजे ग्राफायर ४.

त्याहून जुन्या टॅब्लेटच्या नंबरात शेवटचं अक्षर महत्त्वाचं. 'यू' असेल तर यूएसबी, 'आर' असेल तर सीरियल, 'ए' असेल तर जुन्या मॅकचं एडीबी नावाचं पोर्ट.

स्टिकर पुसला गेला असेल तर टॅब्लेट जोडून डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्या उपकरणावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्स आणि मग हार्डवेअर आयडीज. तिथे 'व्हीआयडी'पुढे, म्हणजे कंपनीच्या क्रमांकापुढे, ०५६ए दिसलं की टॅब्लेट वॅकमचा. त्यानंतरचा 'पीआयडी' मॉडेल सांगतो: ००बी१ म्हणजे पीटीझेड-६३०, ००बी९ म्हणजे पीटीके-६४०, ००डी४ म्हणजे सीटीएल-४६०, ००डीडी म्हणजे सीटीएल-४७०, ००१५ म्हणजे सीटीई-४४०. लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली की हेच आकडे मिळतात.

कंपनीच्या साइटवरचा सर्वात नवा ड्रायव्हर टाकला, तरी 'टॅब्लेट सापडला नाही' असं येतं. का?

कारण नव्या ड्रायव्हरला तुमचा टॅब्लेट माहीतच नाही. ड्रायव्हरच्या आत त्याला चालणाऱ्या मॉडेलची यादी असते. आधार बंद झालेलं मॉडेल त्या यादीतून काढलं जातं. मग ड्रायव्हर व्यवस्थित बसतो, त्याची सेवा (मागे गुपचूप चालणारा भाग) सुरू होते, आणि समोर टॅब्लेट असूनही तो 'नाही' म्हणतो. इथे 'लेटेस्ट' शोधण्याची सवय आडवी येते. तुमच्या मॉडेलसाठी निघालेला शेवटचा ड्रायव्हर हवा:

इंट्युऑस ३ साठी विंडोज आणि मॅक दोन्हीवर ६.३.१५-३.
इंट्युऑस ४ साठी ६.३.४१ मालिकेतला.
बांबूच्या वर दिलेल्या मॉडेलसाठी विंडोजवर ५.३.५-३, मॅकवर ५.३.७-६.

हे सगळे वॅकमच्या अधिकृत साइटवर जुन्या उत्पादनांच्या ड्रायव्हर विभागात मिळतात. 'फ्री ड्रायव्हर डाउनलोड' छापाच्या साइटकडे फिरकू नका. तिथे ड्रायव्हरबरोबर नको ती चार सॉफ्टवेअर गळ्यात पडतात.

विंडोज १० किंवा ११ वर जुना ड्रायव्हर टाकण्याची नीट पद्धत कोणती?

एका वेळी एकच ड्रायव्हर. 'चालत नाही' म्हणून येणाऱ्या तक्रारींमध्ये एकावर एक चढवलेले दोन-तीन ड्रायव्हर हे कारण फार वेळा निघतं, म्हणून ही साफसफाई टाळू नका.

१. टॅब्लेटची केबल काढा.
२. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून 'वॅकम टॅब्लेट', 'बांबू' किंवा 'पेन टॅब्लेट' नावाचं जे असेल ते सगळं काढा. दुसऱ्या कंपनीच्या टॅब्लेटचा ड्रायव्हर असेल तर तोही काढा. हे ड्रायव्हर एकमेकांच्या विनटॅब फाइलवर (पेनचा दाब सॉफ्टवेअरपर्यंत पोचवणारी फाइल) आपली फाइल चढवतात.
३. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये ड्रायव्हरची जुनी स्थिती तशीच जपली जाते.
४. प्रोग्रॅम फाइल्समधलं 'टॅब्लेट' फोल्डर आणि युजरच्या अ‍ॅपडेटामधलं 'डब्ल्यूटॅब्लेट' फोल्डर अजून राहिलं असेल तर हाताने उडवा. जुनी सेटिंग्ज इथेच लपून बसतात.
५. ड्रायव्हरच्या फाइलवर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'.
६. पुन्हा रीस्टार्ट. मग टॅब्लेट थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला जोडा.
७. स्टार्ट मेनूतून वॅकम टॅब्लेट प्रॉपर्टीज किंवा बांबू प्रेफरन्सेस उघडा. पेनचं चित्र आणि दाबाचा स्लायडर दिसला की काम झालं.

यानंतर 'ड्रायव्हर अपडेट उपलब्ध' असा निरोप आला तर तो घेऊ नका. विंडोज अपडेटच्या 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये वॅकमचं काही दिसलं तर त्यावरची खूणही काढा.

विंडोज ११ म्हणतं, 'हा ड्रायव्हर लोड करता येत नाही'.

विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन डिटेल्स या मार्गाने जा. तिथे 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असेल तर जुन्या पद्धतीने लिहिलेले काही ड्रायव्हर विंडोज अडवतं. 'इनकम्पॅटिबल ड्रायव्हर्स'च्या यादीत वॅकमच्या नावाची फाइल दिसली तर ती मागे राहिलेल्या एखाद्या फार जुन्या ड्रायव्हरची आहे का ते आधी तपासा, कारण बरेचदा तसंच असतं. वरची साफसफाई करून योग्य आवृत्ती टाकली की यादी मोकळी होते. मेमरी इंटिग्रिटी बंद करणं हा शेवटचा उपाय. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होतात तिथे तो करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

लॅपटॉप एआरएम प्रोसेसरचा, म्हणजे स्नॅपड्रॅगनवाला, असेल तर मात्र हे ड्रायव्हर चालणार नाहीत. एआरएम विंडोज इंटेलसाठी लिहिलेली साधी सॉफ्टवेअर चालवून घेतं, पण कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, बसणारे ड्रायव्हर नाही. तिथे वेळ घालवू नका.

कालपर्यंत चालत होता. आज झोपेतून उठवलेल्या लॅपटॉपवर 'ड्रायव्हर चालू नाही' असं येतं.

ड्रायव्हरची सेवा बंद पडली आहे, बस. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' उघडा आणि यादीत 'वॅकम प्रोफेशनल सर्व्हिस' शोधा. बांबू असेल तर तिचं नाव 'वॅकम कन्झ्युमर सर्व्हिस'. राइट क्लिक, रीस्टार्ट. हे रोजच घडत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवण्यासाठी बंद करू द्या' ही खूण काढा, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा.

कर्सर बरोबर चालतो, पण फोटोशॉप किंवा क्रिटामध्ये दाब येत नाही. का?

विंडोजवर पेनचा दाब सॉफ्टवेअरपर्यंत पोचायला दोन वाटा आहेत. विनटॅब ही जुनी वाट, विंडोज इंक ही मायक्रोसॉफ्टची नंतरची. ड्रायव्हर एका वाटेने पाठवतो आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या वाटेवर डोळे लावून बसतं, तेव्हा कर्सर हलतो पण रेषा एकाच जाडीची येते. दोघांना एका वाटेवर आणायचं, एवढंच काम.

इंट्युऑस ३ आणि ४ च्या वॅकम टॅब्लेट प्रॉपर्टीजमध्ये, पेनच्या 'मॅपिंग' पानावर 'यूज विंडोज इंक' अशी खूण आहे.

फोटोशॉपच्या अलीकडच्या आवृत्त्या मुळात विंडोज इंक मागतात, म्हणून खूण चालू ठेवून बघा. मग ब्रश सेटिंग्जमध्ये 'शेप डायनॅमिक्स'वर जा आणि 'कंट्रोल' हे 'पेन प्रेशर' करा. शेजारी उद्गारचिन्हाचा छोटा त्रिकोण दिसला तर फोटोशॉपला टॅब्लेट दिसलेलाच नाही. त्रिकोण नाही आणि तरी जाडी बदलत नाही, तर दोष ब्रशच्या सेटिंगचा, ड्रायव्हरचा नाही. या त्रिकोणाकडे लक्ष न देता लोक तीन-तीनदा ड्रायव्हर टाकत बसतात.

इंकमुळे रेषा अडखळत असेल तर फोटोशॉपला विनटॅबवर आणता येतं. अ‍ॅपडेटामधल्या फोटोशॉपच्या सेटिंग्ज फोल्डरमध्ये नोटपॅडने एक साधी टेक्स्ट फाइल करा. नाव 'पीएस युजर कॉन्फिग', इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, 'पीएस' दोन्ही मोठ्या अक्षरांत आणि पुढच्या दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर मोठं. आत एकच ओळ: 'यूज सिस्टम स्टायलस', तीही तशीच जोडून, मग एक जागा आणि ०. फाइल जतन करून फोटोशॉप पुन्हा उघडा आणि ड्रायव्हरमधली विंडोज इंकची खूण काढा. नोटपॅड गुपचूप दुसऱ्यांदा एक्स्टेन्शन जोडतं, म्हणून एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दिसतील असं करून नाव तपासा.

क्रिटामध्ये हे सोपं आहे. सेटिंग्ज, कॉन्फिगर क्रिटा, टॅब्लेट सेटिंग्ज. तिथे विनटॅब किंवा विंडोज इंक यातलं एक निवडा आणि क्रिटा पुन्हा सुरू करा. जुन्या वॅकमसाठी आधी विनटॅब. त्याच पानावर टॅब्लेट टेस्टर आहे, त्यात रेघ मारली की दाबाचे आकडे दिसतात.

गिंपमध्ये 'इनपुट डिव्हाइसेस'च्या यादीत तुमचं पेन 'डिसेबल्ड' असेल तर 'स्क्रीन' करा. गिंप ३.० मध्ये विनटॅब की इंक, ही निवड प्रेफरन्सेसमध्येही मिळते.

झूमचा व्हाइटबोर्ड, वननोट, वर्डमधलं ड्रॉ असं शिकवण्याच्या कामाचं सगळं विंडोज इंकवर चालतं. त्यामुळे सकाळी ऑनलाइन वर्ग आणि रात्री फोटोशॉप असा दुहेरी वापर असेल तर इंक चालू ठेवणं सोयीचं.

गोल काढला की अंडाकृती येतो.

जुने टॅब्लेट ४:३ आकाराच्या पडद्यासाठी बनले होते. पीटीझेड-६३० चा रेखाटनाचा भाग २०३.२ × १५२.४ मिमी, म्हणजे बरोबर ४:३. आजचा मॉनिटर १६:९. अख्खा टॅब्लेट अख्ख्या पडद्यावर ताणला की आडवी हालचाल उभीपेक्षा एक तृतीयांशाने जास्त ताणली जाते. हाताने काढलेला गोल पडद्यावर आडवा फुगतो.

मॅपिंगच्या पानावर 'फोर्स प्रपोर्शन्स' चालू करा. आता टॅब्लेटची पूर्ण रुंदी वापरली जाते, पण उंचीतले फक्त ११४.३ मिमी. खालची ३८ मिमी पट्टी मुकी होते. ती टॅब्लेट बिघडल्याची खूण नाही. उलट तिथे मनगट ठेवायला छान जागा होते.

बांबू सीटीएल-४७० चा भाग साधारण १४७ × ९२ मिमी, १६:१० च्या जवळ. तिथे फरक जेमतेम जाणवतो.

दोन मॉनिटर असतील तर टॅब्लेट एकाच मॉनिटरला बांधा. नाहीतर निम्मा टॅब्लेट दुसऱ्या पडद्यावर जातो आणि हाताचा अंदाज चुकत राहतो.

पेन टेकवून क्षणभर थांबलं की कर्सरभोवती गोल वर्तुळ फिरतं आणि रेषा उशिरा सुरू होते.

विंडोजला वाटतं तुम्हाला राइट क्लिक करायचं आहे. कंट्रोल पॅनलमधलं 'पेन अँड टच' उघडा, 'प्रेस अँड होल्ड' निवडा, सेटिंग्जमध्ये जाऊन खूण काढा. बारीक केस, पापण्या किंवा देवनागरीचे वळणदार आकार काढणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच करून टाकावं.

मॅकवर काय करायचं?

२०१९ मध्ये आलेल्या मॅकओएस कॅटालिनापासून बांबू, ग्राफायर आणि इंट्युऑस ३ चे मूळ ड्रायव्हर अडखळतात. पॅनल उघडलं की 'ड्रायव्हरमध्ये अडचण आहे, रीस्टार्ट करा' असा निरोप येतो, आणि कितीही रीस्टार्ट केलं तरी तोच येत राहतो. त्यासाठी गिटहब या मुक्त सॉफ्टवेअरच्या साइटवर 'वॅकम ड्रायव्हर फिक्स' नावाचा प्रकल्प आहे. मूळ ड्रायव्हरमधल्या चुका दुरुस्त करून बांधलेली इन्स्टॉलर फाइल तिथे मॉडेलप्रमाणे वेगवेगळी मिळते. बांबूची आणि इंट्युऑस ३ ची फाइल एक नाही, तेव्हा नाव वाचून उतरवा.

मग परवानग्या. सिस्टम सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' आणि 'इनपुट मॉनिटरिंग' अशा दोन जागा आहेत. दोन्हीकडे टॅब्लेट ड्रायव्हरच्या नावापुढचं बटण चालू हवं. कर्सर हलतो पण क्लिक होत नाही, असं असेल तर अ‍ॅक्सेसिबिलिटी राहिली. आधीच्या ड्रायव्हरची नोंद यादीत अडकून बसली असेल तर बटण चालू दिसूनही काही होत नाही. तेव्हा नोंद निवडून वजा चिन्हाने काढा, रीस्टार्ट करा आणि मॅकने पुन्हा विचारलं की परवानगी द्या.

एम१ किंवा त्यापुढच्या मॅकवर हे इंटेलचे ड्रायव्हर रोझेटाच्या, म्हणजे इंटेलची सॉफ्टवेअर नव्या मॅकवर चालवून घेणाऱ्या अ‍ॅपलच्या सोयीच्या, आधारावर चालतात. अ‍ॅपलने इंटेल सॉफ्टवेअरसाठी रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत ठेवण्याचं जाहीर केलं आहे. त्यामुळे टॅब्लेट रोजच्या कामाचा असेल तर मोठ्या आवृत्तीवर जाण्याआधी दहा वेळा विचार करा.

लिनक्सवर?

इथे जुन्या टॅब्लेटला माहेर मिळतं. वॅकमचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो आणि त्यातून जुनी मॉडेल सहसा काढली जात नाहीत. उबुंटू, मिंट किंवा फेडोरावर पीटीझेड-६३० लावा, क्रिटा उघडा, दाब चालू. वेगळं काही टाकावं लागत नाही.

ग्नोम आणि केडीई हे लिनक्सचे दोन डेस्कटॉप. ग्नोममध्ये सेटिंग्जच्या वॅकम पानावर, केडीईमध्ये 'ड्रॉइंग टॅब्लेट'च्या पानावर बटणं आणि पडद्याची जोडणी ठरवता येते. लिनक्समध्ये पडदा हाताळणाऱ्या दोन व्यवस्था आहेत, जुनी एक्स११ आणि नवी वेलँड. एक्स११ वापरत असाल तर 'एक्ससेटवॅकम' या आज्ञेने सगळं बारीक बारीक बदलता येतं. वेलँडवर मात्र ती आज्ञा चालत नाही. नेटवरच्या जुन्या सूचना वाचून 'आज्ञा दिली पण काहीच झालं नाही' असं म्हणणारे बहुतेक वेलँडवर असतात. लॉगिनच्या पडद्यावर कोणतं सत्र निवडलंय ते बघा.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या जुन्या पीसीवर विंडोज ११ चढत नाही त्यावर लिनक्स, क्रिटा आणि जुना टॅब्लेट ही जोडी चित्रं काढायला शिकणाऱ्या मुलासाठी झकास होते.

माझा टॅब्लेट वॅकमचा नाही. जीनियस, आयबॉल, जुना हुइऑन असं काही आहे.

बाहेरचं नाव सोडा, व्हीआयडी बघा. वेगवेगळ्या ब्रँडच्या टॅब्लेटच्या पोटात तीच दोन-चार कंपन्यांची सर्किटची पाटी असते. ५५४३ म्हणजे यूसी-लॉजिक, १७२एफ म्हणजे वॉल्टॉप, २५६सी म्हणजे हुइऑन, २८बीडी म्हणजे एक्सपी-पेन, ०४५८ म्हणजे जीनियसची कंपनी केवायई, ०८सीए म्हणजे आयपटेक. लिनक्सवर यूसी-लॉजिक आणि हुइऑन वर्गातल्या टॅब्लेटसाठी डिजिमेंड प्रकल्पाचे ड्रायव्हर आहेत, त्यातला बराच भाग आता कर्नलमध्येच आहे.

यातल्या अनेकांचं पेन बॅटरीवर चालतं, बहुतेक एका ट्रिपल-ए सेलवर. सेल आत फुटून हिरवी-पांढरी भुकटी जमली असेल तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन स्प्रिंग पुसा, कोरडी करा, मग नवा सेल घाला. वॅकमच्या पेनमध्ये सेल नसतो. टॅब्लेटच्या चुंबकीय क्षेत्रातूनच ते वीज घेतं. तेव्हा वॅकमचं पेन उघडून सेल शोधू नका.

ओपनटॅब्लेटड्रायव्हर काय आहे? तोच सरळ वापरू का?

मुक्त आणि मोफत ड्रायव्हर आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतो. त्याच्या यादीत इंट्युऑस ३ आणि बांबूची बरीच मॉडेल आहेत. कंपनीचा ड्रायव्हर हट्टीपणा करत असेल तर चांगला पर्याय. दोन गोष्टी आधी माहीत हव्यात. विंडोजवर त्यात दाब आपोआप येत नाही. त्यासाठी विंडोज इंकचं प्लगइन आणि 'व्हीमल्टी' हा आभासी ड्रायव्हर जोडावा लागतो. लिनक्सवर दाब हवा तर आउटपुट मोड 'आर्टिस्ट मोड' ठेवा. आणि कंपनीचा ड्रायव्हर पूर्ण काढल्याशिवाय हा टाकू नका. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

नऊ पिनांचा सीरियल टॅब्लेट आहे. यूएसबी कन्व्हर्टर लावून चालेल?

आजच्या विंडोज आणि मॅकसाठी अधिकृत ड्रायव्हर नाही. लिनक्सवर 'प्रोटोकॉल ४' बोलणाऱ्या वॅकमसाठी कर्नलमध्ये ड्रायव्हर आहे, तो 'इनपुटअटॅच' या आज्ञेने पोर्टला जोडावा लागतो. हौस असेल तर करा. रोजच्या कामासाठी नको.

या टॅब्लेटला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. तो अमेरिकेहून आलेला असेल तर त्यावरचं 'इनपुट' वाचल्याशिवाय सॉकेटमध्ये घालू नका. फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो पहिल्याच मिनिटाला जळेल.

नव्या लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट आहेत.

साधा ए-टू-सी अ‍ॅडॉप्टर पुरतो. जुने टॅब्लेट कमी वेगाचे असतात, महागडा डॉक लागत नाही. काही जुने टॅब्लेट निळ्या यूएसबी ३ पोर्टवर ओळखले जात नाहीत किंवा मधेच सुटतात. तेव्हा मध्ये एक साधा यूएसबी २.० हब लावून बघा. इंट्युऑस ४ ची केबल मिनी-यूएसबीची असते, मायक्रो नव्हे. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत 'जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची डेटा केबल' म्हणून विचारलं तरी मिळेल. फक्त चार्जिंगची केबल घेऊ नका, तिच्यात डेटाच्या तारा नसतात.

रेषा थरथरते. सरळ ओढली तरी लाटांसारखी येते.

आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेघ ओढा. थरथर गेली तर दोष विजेचा. दोन पिनांचा चार्जर किंवा अर्थिंग नसलेला सॉकेट हे आपल्याकडचं नेहमीचं कारण. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर खात्रीच समजा. तीन पिनांचा चार्जर, अर्थिंग असलेला सॉकेट.

तरीही राहिली तर टेबल बघा. लोखंडी टेबल किंवा पत्र्याच्या कपाटावर ठेवलेला टॅब्लेट नीट वाचत नाही, कारण पेनशी बोलणं चुंबकीय क्षेत्रातून होतं. खाली इंचभर जाडीचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवून फरक पडतो का बघा. मोबाइल आणि वायरलेस चार्जर टॅब्लेटपासून हातभर लांब ठेवा.

पेन हवेत असतानाच रेषा उमटते.

वॅकम टॅब्लेट प्रॉपर्टीजमध्ये 'अबाउट' आणि मग 'डायग्नोज' उघडा. पेन वर धरल्यावर दाब ० दिसायला हवा. आकडा दिसत असेल तर निब काढा. आकडा ० झाला तर निब तिरकी बसली होती किंवा भोकात धूळ-कचरा होता. निब काढूनही आकडा तसाच राहिला तर दाबाचा सेन्सर गेला. 'टिप फील' कडक बाजूला सरकवून थोडे दिवस निघतात, पण नवं पेन शोधायला लागा.

पेन हरवलं. दुसऱ्या वॅकमचं चालेल का?

पिढी तीच हवी. इंट्युऑस ३ ला झेडपी-५०१ई, इंट्युऑस ४ ला केपी-५०१ई. दोन्ही दिसायला भावंडं, पण एकमेकांच्या टॅब्लेटवर चालत नाहीत. बांबूचं पेन इंट्युऑसवर चालत नाही आणि उलटही नाही. नंबर पेनवरच बारीक अक्षरात असतो. म्हणून पेनशिवाय मिळणारा सेकंडहँड टॅब्लेट कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. सुटं पेन शोधताना त्याची किंमत टॅब्लेटच्या वर जाते.

निब कधी बदलायची? आणि पेनची पकड चिकट झालीय.

निबेचं टोक तिरकं घासून धारदार झालं की बदला. ती धार पृष्ठभागावर ओरखडे पाडते. फार वाट पाहिली तर निब इतकी आखूड होते की चिमट्यात सापडतच नाही. काढताना भुवयांच्या चिमट्याने सरळ ओढा, पिळू नका.

पकडीचं रबर वर्षांनी विरघळल्यासारखं चिकट होतं. मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती फडक्यावर घेऊन पकड पुसा. फडकं काळं पडत जाईल, ते तसंच व्हायचं. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, प्लास्टिक पांढरं पडून तडकतं. अल्कोहोल टॅब्लेटच्या पृष्ठभागावर सांडू देऊ नका. तिथे किंचित ओलं फडकं पुरे.